प्रदर्शनाची पहिली संध्याकाळ

निमंत्रणपत्रिकेवर वेळ असते सायंकाळी साडेपाच. पुण्यातलं बालगंधर्व कलादालन असो, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन असो की तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर रिकामी करून दिलेली खोली असो, पुढचा क्रम बहुतेक ठरलेला. दाराशी रांगोळी, आत समई. पाहुणे आले की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, आभार. मग चित्रकार पाहुण्यांना घेऊन भिंतीच्या कडेकडेने निघतो, फोटोवाले पुढे उलट्या पावलांनी चालत राहतात, आणि उरलेली मंडळी चहाचा कप नि वेफर्सची बशी सांभाळत एकमेकांची विचारपूस करतात. दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायवही उघडी असते.

या संध्याकाळला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. चित्रांकडे पाठ करून लोक गप्पा मारतात, भाषणं लांबतात, पाहुणे निघाले की गर्दीही निघते. तक्रार खरी आहे. तरीही मला ही संध्याकाळ मोलाची वाटते, आणि का वाटते ते तिचं कूळ शोधल्याशिवाय नीट सांगता येत नाही. तिच्यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या घरून आलेली आहे. प्रमुख पाहुणे एका घरचे, एका ओळीत टांगलेली चित्रं दुसऱ्या घरची, आणि खुद्द छोटं कलादालन भलत्याच एका दुकानातून आलेलं. या कुळातल्या ज्या पूर्वजाकडून सर्वांत जास्त घेण्यासारखं होतं, त्याचं नाव मात्र आपण फारसं काढत नाही. तो चित्रकारांचा कामाचा दिवस होता.

चित्रं जाहीरपणे मांडायची आणि लोकांनी येऊन पाहायची, ही रीत पॅरिसच्या राजाश्रयी कला अकादमीने १६६७ साली घातली. १७३७ पासून हे प्रदर्शन लूव्र राजवाड्यातल्या चौकोनी दालनात नियमित भरू लागलं. प्रवेश खुला होता, त्यामुळे सरदारदरकदार आणि बाजारातली माणसं एकाच भिंतीपुढे माना वर करून उभी राहू लागली. १७५९ पासून लेखक-तत्त्वज्ञ दिदरोने या प्रदर्शनांवर सविस्तर लिहायला घेतलं. प्रदर्शन पाहून आलेल्या माणसाने न पाहिलेल्यांसाठी लिहायचं, या प्रकाराला तिथे भक्कम पाया मिळाला.

लंडनने वेगळी वाट धरली. तिथली रॉयल ॲकॅडमी १७६८ ची, तिचं पहिलं प्रदर्शन १७६९ चं, पॉल मॉल रस्त्यावरचं. तिथे एक शिलिंग मोजावा लागे, आणि खोली नको त्या माणसांनी भरून जाऊ नये म्हणून हे पैसे घेतो, असं ॲकॅडमीने छापून सांगितलं होतं. १७७१ पासून वार्षिक मेजवानीची प्रथा पडली. चित्रांनी भरलेल्या भिंतींच्या मधोमध लांब टेबलं मांडायची आणि दरबारातल्या, मंत्रिमंडळातल्या बड्या मंडळींना जेवायला बोलवायचं. आपल्या प्रमुख पाहुण्यांचं मूळ मला या मेजवानीत दिसतं. पाहुणा चित्रांतला जाणकार असला पाहिजे अशी तेव्हाही अट नव्हती. त्याच्या येण्याने चित्रकाराच्या धंद्याला इभ्रत मिळत होती, आणि त्या काळी चित्रकाराला तिची गरज होती. अजूनही आहे.

भिंतींचं म्हणाल तर तेव्हा चित्रं जमिनीपासून छतापर्यंत चौकटीला चौकट लावून टांगत. ॲकॅडमीच्या सॉमरसेट हाउसमधल्या मोठ्या दालनात जमिनीपासून आठेक फुटांवर एक पट्टी होती. तिच्या लगत चित्र लागलं तर ते नजरेत भरे. वर गेलं तर गेलंच. कुणाचं चित्र कुठे, यावरून भांडणं होत. गेन्सबरोसारख्या नावाजलेल्या चित्रकाराने १७८४ साली याच कारणावरून आपली चित्रं काढून नेली आणि पुन्हा तिथे पाठवली नाहीत. आदल्या रात्री चित्रं लावताना दाराजवळची जागा कुणाला, खांबामागची कुणाला, यावरून समूहप्रदर्शनात आजही जी कुजबुज होते, तिचं वय अडीचशे वर्षांच्या आसपास भरतं.

आता कामाच्या दिवसाकडे येतो. १८०९ पासून ॲकॅडमीने सभासदांना एक सवलत दिली. चित्रं टांगून झाल्यावर, दारं लोकांसाठी उघडण्याआधी काही दिवस, त्यांनी आत येऊन चित्रांवर वार्निशचा शेवटचा हात फिरवावा, काही डागडुजी करायची असेल तर करावी. वार्निश हे निमित्त. खरी गोष्ट अशी की इतके दिवस आपापल्या खोलीत एकट्याने रंगवलेलं चित्र आता दुसऱ्याच्या चित्राशेजारी लागलेलं असे, आणि शेजार बदलला की चित्र बदलतं. आपल्या घरी उजळ वाटलेला निळा इथे मळकट दिसतो. मग शिडीवर चढून, ब्रश हातात घेऊन, शेजाऱ्याकडे एक डोळा ठेवून चित्रकार पुन्हा कामाला लागत.

१८३२ सालचा प्रसंग चित्रकारांच्या गप्पांत नेहमी निघतो. कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं मोठं चित्र आणि टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र शेजारी शेजारी लागलं होतं. कॉन्स्टेबलने आपल्या चित्रावर दहा वर्षांहून अधिक काळ जीव ओतला होता. नावांवरची निशाणं, सजावट यांसाठी तो शेंदरी आणि लाल रंग लावत बसला होता. टर्नर मागून आला, दोन्ही चित्रांकडे पाहत उभा राहिला, पॅलेट घेऊन आला आणि आपल्या करड्या समुद्रावर शिलिंगाच्या नाण्याहून थोडा मोठा असा लाल रंगाचा एकच ठिपका देऊन काही न बोलता निघून गेला. त्या एका ठिपक्याने शेजारच्या चित्रातला सगळा लाल फिका पडला. टर्नर येऊन बंदूक झाडून गेला, अशा अर्थाचं कॉन्स्टेबल म्हणाला. दीड दिवस टर्नर तिकडे फिरकला नाही. मग शेवटच्या क्षणी येऊन त्याने त्या ठिपक्याला आकार दिला आणि पाण्यावर तरंगणारा बोया करून टाकला.

याच टर्नरने १८३५ साली ब्रिटिश इन्स्टिट्यूशनमध्ये, जवळपास कोऱ्याच म्हणाव्या अशा कॅनव्हासवर, सकाळपासून भोवती इतर चित्रकार जमलेले असताना, जळत्या पार्लमेंटचं चित्र पुरं केलं. रंगांची पेटी बंद केली आणि मागे वळूनही न पाहता तो गेला. यात दिखावा होता, चढाओढ होती, हे कबूल. पण लोकांसमोर येण्याच्या उंबरठ्यावर चित्र अजून ओलं होतं आणि ते ओलं असताना पाहणारे चित्रकारच होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे या दिवसाला प्रतिष्ठित मंडळी येऊ लागली. पॅरिसमध्ये तर वार्निशच्या दिवशी नवे पोशाख करून मिरवायला जाण्याची रीतच पडली. रंगाचा वास गेला, अत्तराचा आला. उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रांकडे पाठ फिरते, ती तिथपासून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रदर्शन अकादमीच्या हातून सुटलं आणि लहान झालं. १८५५ मध्ये कुर्बेने स्वतःच्या चित्रांसाठी वेगळा मांडवच उभारला. १८७४ च्या १५ एप्रिलला मोने, देगा, पिसारो, बर्थ मोरिझो आणि त्यांच्या सोबत्यांनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरवलं. एक फ्रँक प्रवेश, आणि दिवसाच्या वेळेखेरीज रात्री ८ ते १० सुद्धा दार उघडं. कामधंद्यावरून सुटलेल्या माणसाने संध्याकाळी चित्रं पाहायला यावं, ही सोय मला त्या प्रदर्शनातली मोठी गोष्ट वाटते. १८८३ मध्ये व्हिस्लरने लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत व्हेनिसची एचिंग्ज मांडली, तेव्हा भिंती पांढऱ्या, बाकी सगळं पिवळं, दारावरच्या नोकराचा गणवेशसुद्धा पिवळा-पांढरा. चित्रं मात्र सुटी, मोकळी, एका ओळीत. आज कुठल्याही कलादालनात दोन चित्रांमध्ये हातभर भिंत सोडतात, त्यामागे अशा माणसांचा हट्ट आहे.

आपल्याकडे चित्र चारचौघांत पाहणं नवं नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गात सांगत आले. तिथे चित्र, सांगणारा आणि ऐकणारा समाज एकाच वेळी, एकाच दिव्याच्या उजेडात असत. चित्राखाली किंमत आणि कोपऱ्यात सही मात्र नव्हती. ती आली मुंबईत.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ची आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. सोसायटी चालवणारे बहुतेक इंग्रज अधिकारी आणि हौशी चित्रकार. त्यांनी लंडनचाच नमुना इथे आणला: वार्षिक प्रदर्शन, निवड समिती, पदकं, गव्हर्नरांचा आश्रय. पण त्या चौकटीतून आपली माणसं किती लवकर वर आली पाहा. १८९५ मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधरांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पाठोपाठ गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने घडवलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ने पाहणारे थक्क झाले. नऊवारीतली, पूजेला निघालेली ती तरुणी प्लास्टरची असूनही पाऊल टाकील असं वाटतं. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली, तिच्यामागे तर सावळाराम हळदणकरांसारखे इथलेच चित्रकार होते. १९३७ मध्ये अमृता शेरगिलला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते तीन मुलींच्या चित्रासाठी. तरी ही सगळी प्रदर्शनं संस्थेची. चित्रकार त्यात निवडला जायचा किंवा नाकारला जायचा. ती संध्याकाळ त्याची स्वतःची नसायची.

ती त्याची झाली, त्याचं श्रेय मी फ्रेमवाल्यांना देतो. केकू गांधींनी १९४१ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवर केमोल्ड या नावाने फ्रेम तयार करण्याचा धंदा सुरू केला. फ्रेम विकायची तर तिच्यात काहीतरी बसवून दाखवावं लागतं. मग दुकानाच्या दर्शनी काचेत आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं लागू लागली. रस्त्याने जाणारा माणूस थांबे, आत येई, फ्रेमचा भाव विचारता विचारता चित्राचाही विचारी. युरोपातून नाझींच्या छळामुळे मुंबईत आलेली काही माणसंही याच वर्तुळात होती: टाइम्सचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन, तिथलेच कला संचालक वॉल्टर लँगहॅमर, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. लँगहॅमर पती-पत्नींच्या घरी तरुण चित्रकार जमत. चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायची आणि त्यांवर बोलायचं. या बैठकांना ना पत्रिका होती, ना पाहुणे. छोट्या कलादालनातल्या संध्याकाळचा जिव्हाळा ज्याला म्हणतात, तो मला इथून आलेला दिसतो.

१९४९ च्या ७ जुलैला रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं पहिलं प्रदर्शन उघडलं. सहा जण: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. सूझा गोव्यातल्या साळगावचे, हरी अंबादास गाडे विदर्भातले. उद्घाटन केलं मुल्कराज आनंद यांनी. यात एक फार मोठा बदल आहे, आणि तो चटकन ध्यानात येत नाही. जिथे आजवर लाटसाहेब शोभत, तिथे एक कादंबरीकार उभा राहिला. चित्रकाराने पाहुणा निवडला तो पद पाहून नव्हे, आपलं म्हणणं त्याला कळेल म्हणून. पुढे मराठी चित्रकारांनी कवी, नाटककार, अभिनेते, गवई यांना उद्घाटनाला बोलवायची जी पद्धत पाडली ती मला या प्रसंगाच्या बाजूची वाटते. आमदार-नगरसेवकांना बोलवणं लंडनच्या मेजवानीच्या बाजूचं. दोन्ही घराणी अजून नांदतात, कधी कधी एकाच व्यासपीठावर. रॅम्पार्ट रोवरच पुढे आर्टिस्ट्स सेंटर उभं राहिलं. अडोर हाउसमधल्या त्या लहानशा जागेसाठी कृष्णाजी हौळाजी आरा यांनी खस्ता खाल्ल्या आणि किती नवख्यांना पहिली भिंत मिळवून दिली.

१९५२ मध्ये कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने, जहांगीर आर्ट गॅलरी झाली. दुर्गा बाजपेयींनी आराखडा केला. भाडं भरून आठवड्यासाठी दालन घ्यायचं, ही व्यवस्था इथे अशी रुळली की ‘जहांगीरला लागलं’ एवढं म्हटलं की कुणाला आणखी सांगावं लागत नाही. तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबणारे चित्रकार आहेत. काही जण न थांबता बाहेरच्या फुटपाथवरच चित्रं मांडतात, आणि तीही पाहिली जातात.

उद्घाटन म्हणजे जाहीर कृती, तिचे परिणाम भोगावे लागतात, हे अकबर पदमसींना १९५४ मध्ये कळलं. पॅरिसहून आलेल्या या तरुणाचं जहांगीरमध्ये प्रदर्शन लागलं आणि पोलिसांनी प्रेमी युगुलाची दोन चित्रं अश्लील ठरवून उतरवायला सांगितली. पदमसींनी नकार दिला, खटला लढवला आणि जिंकला. ती चित्रं त्यांच्या स्टुडिओतल्या भिंतीला टेकलेली असती तर कुणाचीच हरकत नव्हती. लोकांसमोर मांडल्यावर ती चित्रकाराची एकट्याची उरत नाहीत, आणि म्हणूनच पहिल्या संध्याकाळी भल्या भल्या चित्रकारांच्या तळहाताला घाम सुटतो.

१९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. त्याच वर्षी फोर्टात काली पंडोल यांनी आपली गॅलरी सुरू केली. त्यांचाही धंदा मुळात फ्रेमचाच. एकाच शहरातल्या दोन नामांकित गॅलऱ्या फ्रेमच्या दुकानातून निघाव्यात यात नवल नाही. कुठल्या चित्रकाराने काय रंगवलं, कुणाकडे बिल भरायला पैसे नाहीत, कोणतं चित्र कोणत्या दिवाणखान्यात गेलं, हे फ्रेमवाल्याला सर्वांच्या आधी कळतं. १९६४ मध्ये जहांगीरच्या लांबट व्हरांड्यात उषा खन्नांनी समोवार कॅफे उघडला. २०१५ च्या मार्चअखेर तो बंद होईपर्यंत प्रदर्शनावरची खरी चर्चा तिथे चहावर व्हायची. तो गेला तेव्हा पुष्कळ चित्रकारांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

प्रदर्शनातून चित्रंच काढून टाकली तर? पॅरिसमध्ये इव्ह क्लाइनने १९५८ च्या एप्रिलमध्ये इरिस क्लेरच्या इवल्याशा गॅलरीत हे केलं. पांढरी रंगवलेली रिकामी खोली, बाहेर निळे पडदे, पाहुण्यांना निळं पेय, आणि रस्त्यावर एवढी झुंबड की पोलिसांना यावं लागलं. हुसेननी १९९२ मध्ये जहांगीरमध्ये ‘श्वेतांबरी’ मांडली, ती पांढऱ्या कापडाची आणि फाडलेल्या वर्तमानपत्रांची. दोन्हींत राहिली ती जमलेली माणसंच. पण हा प्रयोग एकदाच शोभतो. जगभरच्या मोठ्या गॅलऱ्यांच्या उद्घाटनांत पुढे नुसतं जमणंच उरलं, त्याला प्रयोग म्हणता येत नाही.

म्हणून मला लहान दालन जवळचं वाटतं. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये झालं तेव्हा नाट्यगृहाबरोबर कलादालनही बांधलं गेलं, ही दूरदृष्टीच होती. नाटकाच्या तिसऱ्या घंटेआधी हाताशी अर्धा तास असलेला माणूस चित्रं पाहून जातो. अशा दालनांत बहुतेकदा चित्रकारच भाडेकरू, आयोजक आणि हमाल असतो. माउंट कापून घेणं, फ्रेमवाल्याच्या मागे लागणं, टेम्पोत चित्रांमध्ये जुन्या चादरी घालणं, दोरीने पातळी साधत खिळे मारणं, स्पॉटलाइट शिडीवर चढून वळवणं, हे सगळं उद्घाटनाच्या दुपारपर्यंत चालू असतं. घरची माणसं नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतात. भाचा-पुतण्या चहावाल्याला सांगून येतो. चित्रकाराने नवा झब्बा घातलेला असतो आणि नखाखाली रंग तसाच असतो. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागली की आठवड्याचं भाडं सुटल्याचा सुस्कारा अख्ख्या घराचा असतो. लँगहॅमरांची बैठक, केमोल्डची काच आणि नादारच्या स्टुडिओतली रात्रीची वेळ यांचा वारसा इथे एकत्र आलेला दिसतो.

महाराष्ट्रातल्या या दालनांनी एक गोष्ट मात्र स्वतःहून जपली आहे, आणि टर्नरला ती ओळखीची वाटली असती. उद्घाटनाच्या जोडीने, किंवा त्याच आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, प्रात्यक्षिक ठेवतात. एक ज्येष्ठ चित्रकार इझलसमोर उभा राहतो, समोर उंच खुर्चीवर गावातलाच कुणी दाढीवाला म्हातारा किंवा फेटेवाला बसतो, आणि तास-दोन तासांत कोऱ्या कॅनव्हासवर माणूस उभा होतो. चित्रकला महाविद्यालयातली पोरं जमिनीवर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन बसतात. सुरुवातीला कोळशाच्या चार रेघा, मग सावलीचे मोठे डाग, मग कपाळावरचा उजेड. डोळा कधी काढतात याची सगळे वाट पाहतात. त्या वेळात कुणी चित्राकडे पाठ करत नाही. वेफर्सच्या बशा तशाच राहतात, आणि दाराशी उभे असलेले, इतर वेळी अशा दालनात पाऊल न टाकणारे रिक्षावाले नि शेजारचे दुकानदारही पायातल्या चपला काढून आत येतात.

प्रदर्शन भरवणाऱ्या मित्रांना माझी एकच विनंती असते. हे प्रात्यक्षिक रविवारसाठी राखून ठेवू नका, पहिल्याच संध्याकाळी ठेवा, आणि भाषणांच्या आधी ठेवा. पाहुण्यांनाही खुर्ची इझलच्या समोर द्या. शाल-श्रीफळ रंग वाळेपर्यंत थांबू शकतं.